वसंतरावांच्या गाण्यात ड्रम?

मंडळी, तुमच्यापैकी काही जण त्या रात्री आमच्या घरी होतेच. जे नव्हते त्यांच्याही कानावर काहीतरी आलं असेल, आणि कुवेतमध्ये सालमियाहून निघालेलं ‘काहीतरी’ फहाहीलला पोचेपर्यंत त्याचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून जे झालं ते एकदा नीट लिहून काढतो.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला गुरुवार. दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम आमच्या हॉलमध्ये ठरली होती. सोफे भिंतीला लावले होते. चार मुलं आली होती: एक ड्रमवाला, एक गिटारवाला, एक कीबोर्डवाला आणि पुण्याच्या गुरुजींकडे दर शुक्रवारी ऑनलाइन गाणं शिकणारा एक गायक. पाचवी आमची कन्या, बारावीतली, बेस गिटार वाजवणारी. ड्रमचा सगळा संसार लिफ्टमधून वर आणताना हारिसने दोनदा विचारलं होतं की लग्न कुणाचं आहे.

मुलांनी जाहीर केलं की त्यांना ‘घेई छंद मकरंद’ करायचंय. ज्येष्ठ मंडळींचे चेहरे खुलले. मग मुलं म्हणाली, जॅझ-रॉकमध्ये. चेहरे तिथेच थांबले.

समजावण्यासाठी मुलांनी टीव्हीवर एका बँडच्या मैफलीतली तीच चीज लावली. सुरुवातीला बेसची चार-पाच सुरांची एक घोळवलेली ओळ. तिच्यावर झांजांची हलकी सळसळ. मग गायकाने मुखडा घेतला. अंतरा झाल्यावर गिटारवाला पुढे आला आणि तीन-साडेतीन मिनिटं एकटाच वाजवत राहिला. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. शेवटी सगळे मिळून मुखड्यावर परत आले आणि धाडकन संपलं.

“हे काय?” आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले. आपण त्यांना नुसतं काका म्हणू. “वसंतरावांच्या गाण्यात ड्रम?”

तिथून जे सुरू झालं ते रात्री साडेबारापर्यंत चाललं. मंगाफच्या वहिनी म्हणाल्या, मुलं मराठी गाणं निवडतायत हेच नशीब समजा. कुणी म्हणालं, मग उद्या पसायदानाचं रॅप करतील. कीबोर्डवाल्या मुलाच्या वडिलांनी चिवड्याची वाटी बाजूला ठेवून विचारलं की गाणं काय फ्रेममध्ये लावून भिंतीवर टांगायचं असतं का. मी स्वतः लहानपणी सांगलीला सहा वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे माझं मत काकांच्या बाजूचं होतं आणि मी ते जरा जोरातच मांडलं.

तेवढ्यात कन्येने विचारलं, “बाबा, मकरंद म्हणजे काय?”

आम्ही दहा-बारा मोठी माणसं. सगळ्यांना ते गाणं पाठ. आणि एकाचंही उत्तर चटकन येईना. मला तर मकरंद म्हटलं की वर्गातला मित्रच आठवला. शेवटी स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला: “फुलातला मध गं. भुंगा ज्याच्यासाठी येतो तो.”

त्या क्षणी मला जरा लाज वाटली, हे कबूल करतो. पुढचा महिनाभर मी जे वाचलं, ऐकलं आणि लोकांना विचारलं ते त्या लाजेपोटी. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

काकांची कॅसेट

आधी काकांची बाजू, कारण ती त्या रात्री नीट मांडलीच गेली नाही. काका नुसते जुन्या वळणाचे म्हणून चिडले असं आम्हाला वाटलं. तसं नव्हतं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा काका सत्तावीस वर्षांचे होते. इथे येऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतरच्या आठवड्यांत लाखाहून अधिक भारतीय इथून बाहेर पडले. बहुतेक जण बसने बगदादमार्गे जॉर्डनला गेले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला पोचले. काकाही त्यातलेच. त्यांनी टेपरेकॉर्डर, टीव्ही, सगळं घर तसंच सोडलं. पिशवीत पासपोर्ट, डिप्लोमाचं सर्टिफिकेट, दोन शर्ट आणि ‘कट्यार काळजात घुसली’ची कॅसेट. कॅसेट का घेतली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. सरहद्दीवरच्या तंबूत वाजवायला काही नव्हतं. ते म्हणतात, रात्री झोप लागत नसे तेव्हा मी ती बाजू मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचो, तानांसकट.

आता सांगा, या माणसाला आपण “काका, काळाबरोबर बदला” असं म्हणायचं? त्यांच्या दृष्टीने ती चाल, तो आवाज, तबल्याचा तो ठेका, हे सगळं मिळून एकच वस्तू आहे. तिचा एक तुकडाही हलवला तर त्यांना तंबूतली ती रात्र हलल्यासारखी वाटते.

माझं त्यांच्याशी बोलणं झालं ते हे सगळं झाल्यावर, गल्फ रोडवर चालताना. आणि त्याच वेळी त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली: मार्चमध्ये ते आणि काकू कायमचे कोल्हापूरला परतणार. म्हणजे ही त्यांची इथली शेवटची दिवाळी. आमच्या कन्येचीही तशी शेवटचीच, बारावी झाली की ती बाहेर शिकायला जाणार. तुमच्यापैकी किती घरांत हे दोन्ही एकाच वर्षी घडलंय हे मला ठाऊक आहे.

मूळ गाणं कोणतं?

‘संगीत कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं ते डिसेंबर १९६७ मध्ये. लेखक आणि गीतकार पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. मुलांनो, नाटक तुम्ही पाहिलं नसेल तर गोष्ट अशी: एका संस्थानात राजगायकाला मानाची कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. ती मिळवण्यासाठी दोन घराण्यांची चुरस लागते, एक पंडितजींचं आणि एक खाँसाहेबांचं.

आता गंमत बघा. ‘घेई छंद मकरंद’ हे पद नाटकात एकाच चालीत येत नाही. पंडितजींच्या घराण्याची त्याची चाल वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. शब्द तेच. एक चाल शांत, ठाय, सुराला धरून राहणारी. दुसरी चपळ, तानांच्या फेकीची, अंगावर धावून येणारी. आपल्या सगळ्यांच्या ओठांवर असते ती खाँसाहेबांची, म्हणजे वसंतरावांची.

म्हणजे ज्या गाण्यावरून आपण आमच्या हॉलमध्ये भांडत होतो, ते मुळात एकच गाणं दोन तऱ्हांनी गाता येतं हे दाखवण्यासाठीच रचलेलं आहे! कुठली तऱ्हा खरी, यावरून नाटकातली माणसंसुद्धा भांडतात. तुम्ही-आम्ही आता सामील झालो इतकंच.

खुद्द वसंतरावही कुणा एका घराण्याचे नव्हते. अनेक गुरूंकडून शिकले, लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली, आणि गाण्यात जे आवडलं ते सगळीकडून उचललं. ‘कट्यार’ने त्यांना घराघरांत पोचवलं तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. अभिषेकीबुवा गोव्यातल्या मंगेशीचे, कीर्तनकारांच्या घरातले. ‘मत्स्यगंधा’पासून, म्हणजे १९६४ पासून, त्यांनी नाट्यपदाला नवं रूप दिलं. जुन्या संगीत नाटकात एकेक पद वन्समोअर घेत रात्रभर रंगायचं. बुवांनी ते आटोपशीर केलं आणि नाटकाच्या ओघात बसवलं. काकांच्या कॅसेटवर जे ‘मूळ’ आहे ते बालगंधर्वांच्या काळातल्या रसिकांसाठी बरंच नवं होतं.

पुढे २०१० च्या सुमाराला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांनी हेच नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन सुबोध भावे यांचं. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये, ऐन दिवाळीत, भाव्यांचाच चित्रपट आला. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, आणि पंडितजी झाले शंकर महादेवन. चित्रपटाचं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. जुनी पदं होती आणि नवी गाणीही होती. त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हाही हाच वाद घराघरांत झाला होता, आठवतंय? एक पक्ष म्हणत होता की एवढ्या वाद्यांच्या गजरात नाट्यसंगीताची बैठक हरवली. दुसरा म्हणत होता की माझी मुलगी ‘सूर निरागस हो’ गुणगुणत शाळेत गेली, मला आणखी काय हवं. दोन्ही पक्ष चित्रपट दोनदा बघून आले होते.

बाजाची पेटी आणि चिक चॉकलेट

“पण ड्रम, गिटार ही परकी वाद्यं!” हा आमच्याकडचा दुसरा मोठा मुद्दा. मीही तो मांडला होता. आता थोडा मागे घेतो.

आपल्या बैठकीत ज्या वाद्याशिवाय पान हलत नाही ती बाजाची पेटी एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. भारतात तिला पायाऐवजी हाताने भाता मारायची सोय झाली आणि ती आपली झाली. आपली होताना मात्र सहजासहजी झाली नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, आणि ती तीस वर्षं टिकली. कारण काय? पेटीचे सूर ठरलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणजे मींड येत नाही. श्रुतींचे बारकावे येत नाहीत. मंडळी, आज कीबोर्डवर आपण जे आक्षेप घेतो ते शब्दशः हेच आहेत. आणि आज आपल्या कार्यक्रमात कीबोर्डऐवजी पेटी आली की आपण म्हणतो, वा, अस्सल!

जॅझही मराठी माणसाच्या घरात आजकाल आलेलं नाही. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत गोव्याच्या ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला आणि त्याच्यासारख्या वादकांना हाताशी घेतलं. हॉटेलांत साहेबलोकांना नाचवणारं जॅझ त्यांनी हिंदी चित्रपटात आणलं. ‘अलबेला’मधल्या ज्या गाण्यांवर आपले आजोबा लग्नात नाचले ती आठवा. मुंबईतल्या चित्रपटसंगीताची वाद्यवृंदाची बाजू गोव्याच्या वादकांनी कित्येक वर्षं खांद्यावर वाहिली.

आणि जॅझ-रॉक? त्या प्रकारातला एक मोठा गिटारवादक म्हणजे जॉन मॅक्लॉफ्लिन. त्याने १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला, आणि थोड्याच वर्षांत विजेची गिटार बाजूला ठेवून ‘शक्ती’ नावाचा चमू बांधला. त्यात तबल्यावर होता माहीमचा मुलगा, झाकीर हुसेन. पुढे त्याच ‘शक्ती’त गायला आले चेंबूरचे शंकर महादेवन, श्रीनिवास खळ्यांकडे मराठी गाणं शिकलेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘शक्ती’ला ग्रॅमी मिळाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. ‘कट्यार’च्या चित्रपटात पंडितजींचा पोशाख घालून बसलेला माणूस जॅझ-रॉकच्या घरातलाही होता, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं?

आपल्या खिडकीबाहेर

इथे जरा थांबून आपण राहतो त्या गावाकडे बघू. आपण कुवेतमध्ये वीस-तीस वर्षं काढतो आणि इथलं गाणं फक्त टॅक्सीत ऐकतो.

कुवेतचं स्वतःचं शहरी संगीत आहे, त्याला ‘सौत’ म्हणतात. मांडीवर ऊद, हातात मिरवास नावाचा लहानसा दोन तोंडांचा ढोल, आणि भोवती बसलेल्यांच्या टाळ्या. या सौतचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो अब्दुल्ला अल-फरज एकोणिसाव्या शतकात वाढला कुठे? मुंबईत! सधन घरचा मुलगा, संगीत तिथेच शिकला आणि ते घेऊन इकडे परतला. तेव्हा कुवेतची जहाजं मोती घेऊन मुंबईला जात. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता. कुवेती माणूस आज जे ‘आपलं जुनं, अस्सल’ म्हणून डोळे मिटून ऐकतो, त्यात मुंबईची हवा मिसळलेली आहे.

आणि आजचं बघा. मोत्याच्या जहाजांवर गाणारा ‘नह्हाम’ आणि खलाशांचे ते ठेके, यांना जॅझ आणि गिटारची जोड देणारा ‘बूम दीवान’ नावाचा चमू इथेच कुवेतमध्ये आहे. गाझी अल-मुलैफी हे संगीताचे अभ्यासक आणि गिटारवादक तो चालवतात. तिथेही एखादे आजोबा “आमच्या समुद्राच्या गाण्यात गिटार?” म्हणत असतील, अशी माझी खात्री आहे. आजोबा सगळीकडे सारखेच असतात.

मग आक्षेप खोटा का?

इथपर्यंत वाचून तरुण वाचकांनी विजयाच्या टाळ्या वाजवल्या असतील तर थांबा. काकांचा आक्षेप नवं-जुनं यापुरता नव्हता. त्यात तीन पक्क्या गोष्टी होत्या, आणि त्या टीव्हीवरच्या बँडला लागू पडत होत्या.

पहिली, शब्द. ड्रमची झांज आणि तोंडातले स-श-छ हे आवाज साधारण एकाच पट्टीतले, वरच्या. झांज सतत सळसळत राहिली की ‘छंद’मधला छ बुडतो. मराठी येणाऱ्याला तो मनातून भरता येतो. ज्याला मराठी नुसती कानावरून येते, त्या आपल्या मुलांना गाणं म्हणजे नुसता आवाज उरतो. आमच्या कन्येने दोन महिने ते गाणं वाजवलं होतं आणि पहिली ओळ तिच्या डोक्यात भलतीच होती. काय होती ते ती मला छापू देत नाही.

दुसरी, सम. आपल्या तालात पहिली मात्रा म्हणजे घर. गायक कुठेही फिरून आला तरी समेवर आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. रॉकच्या ठेक्यात चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला जोर असतो. तोच जोर आंधळेपणाने लावला तर सम तिथेच असते, पण तिच्या अंगावरचा दिवा विझतो. मान हलायची कुठे, कळेनासं होतं. चांगला ड्रमवाला तालाच्या आवर्तनावर नजर ठेवून वाजवतो. मग तेच ड्रम समेला उचलून धरतात.

तिसरी, सुरांमधली वाट. जॅझमध्ये गिटार आणि कीबोर्ड दोन-तीन सूर एकदम धरतात, कॉर्ड म्हणतात त्याला. गायक मात्र एका सुरातून दुसऱ्यात वाहत जातो. तो वाहत असताना खाली चुकीचे सूर धरून ठेवले तर मींडेचा गळा दाबला जातो. म्हणून जाणते वादक अशा जागी कॉर्ड सोडतात, नुसता षड्ज धरून ठेवतात. तानपुरा हेच तर करतो.

एक साम्यही सांगतो, कारण ते मला मुलांनी शिकवलं. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक वादक तिच्यावर आपल्या मनाने विस्तार करतो, आणि शेवटी धुनेवर परत येतात. आपल्याकडे मुखडा, मग आलाप-ताना, मग पुन्हा मुखडा. दोन्हीकडे ठरलेल्या चौकटीत ऐनवेळी सुचलेलं गायचं-वाजवायचं असतं. जॅझचा आणि आपला झगडा आहे तो बारीकसारीक गोष्टींत. मुळात ते चुलतभाऊ आहेत.

टेपरेकॉर्डरचा शोध

हे तिन्ही मुद्दे मी मुलांना सांगितले तेव्हा गायक मुलगा म्हणाला, काकांची कॅसेट ऐकायला मिळेल का? काकांनी ती दिली. आता पंचाईत अशी की टेपरेकॉर्डर कुणाकडेच नव्हता. शेवटी मुलं शुक्रवारच्या बाजारात, सूक अल-जुमात, जाऊन साडेतीन दिनारला एक जुना टेप घेऊन आली. उरलेला अर्धा दिनार शावरम्यात गेला.

काका-काकूंसमोर तो टेप लावला. चौतीस वर्षांपूर्वीची ती कॅसेट चालली, हाच चमत्कार. खरखर होती, पण वसंतराव होते. कीबोर्डवाल्या मुलाने हळूच सूर तपासला आणि म्हणाला, “काका, ऑनलाइन आहे त्यापेक्षा हे जवळजवळ अर्धा सूर खाली वाजतंय. टेपचा पट्टा सैल झालाय बहुतेक.”

काका हसले. “माझा टेपही असाच सुस्त होता. मी आयुष्यभर असंच ऐकलं.”

म्हणजे बघा. काका ज्याला मूळ म्हणत होते तेही मुळापासून अर्धा सूर सरकलेलं होतं. ते त्यांच्या हातातल्या यंत्राचं, त्यांच्या खोलीचं, त्यांच्या वयाचं मूळ होतं. प्रत्येकाचं मूळ गाणं म्हणजे ते त्याला पहिल्यांदा भेटलं तेव्हाचं गाणं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं. म्हणून या वादात कुणी कुणाला हरवू शकत नाही. पण गाण्याशी इमान राखायचं म्हणजे काय करायचं, हे ठरवता येतं.

मुलांनी ठरवलं. गायकाने मुखडा नुसत्या तानपुऱ्यावर घ्यायचा. पहिल्या ओळीपर्यंत ड्रमला हात लावायचा नाही, आणि नंतरही काठ्यांऐवजी ब्रश. गिटारचा एकट्याचा विस्तार एक मिनिटच. निवेदनात दारव्हेकर, अभिषेकीबुवा आणि वसंतराव ही तिन्ही नावं घ्यायची आणि मकरंद म्हणजे काय ते सांगायचं. आणि गायचं काकांच्या पट्टीत, अर्धा सूर खाली. हे शेवटचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाची रात्र

तुमच्यापैकी बरेच जण हॉलमध्ये होतात, त्यामुळे सजवून सांगत नाही. माईकने पहिल्या मिनिटाला शिट्टी मारली. गिटारवाल्याचं एक मिनिट दीड मिनिटाचं झालं. गायक एका तानेत अडखळला, पण समेवर नेमका आला, आणि त्या वेळी पुढच्या तीन रांगांतल्या माना एकदम हलल्या. मी मोजत नव्हतो, पण तबला शिकलेल्या माणसाचं तिकडे लक्ष जातंच.

नंतर जेवणाच्या रांगेत काका मुलांना म्हणाले, “गिटार चांगली वाजली. शब्दही कळले. पण वसंतराव आठवले नाहीत.”

कन्या म्हणाली, “काका, आम्हाला आठवायला ते कधी नव्हतेच.”

काका हातात ताट धरून क्षणभर उभे राहिले. “तेही खरंच,” म्हणाले. मग म्हणाले, “रेकॉर्डिंग झालं असेल तर पाठव मला. कोल्हापूरला लावीन.” काकांना ते आवडलं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. काकू म्हणतात, ते दर रविवारी लावतात आणि दर रविवारी त्यात काय चुकलं ते सांगतात.

जाता जाता

मंडळी, या दिवाळीत एक करा. शुक्रवारी सकाळी मुलांना गाडीत घेऊन किनाऱ्याने निघा. आधी वसंतरावांचं ‘घेई छंद मकरंद’ लावा. मग त्याच पदाची नाटकातली दुसरी, शांत चाल शोधून लावा. मग चित्रपटातलं. आणि शेवटी मुलांना आवडेल त्या बँडचं. मध्ये बोलू नका, विशेषतः बाबालोकांनो. एका शब्दाचा अर्थ मुलांना विचारा, आणि त्यांनी उलट विचारलं तर तुम्हाला तो येतो का ते बघा. सम कुठे आहे ते बोटाने डॅशबोर्डवर दाखवा, चालवणाऱ्याने सोडून.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच: हवं ते वाद्य घ्या, पण आधी ते गाणं ज्याने जपलंय त्याच्याकडे बसून ऐका. आपल्या मंडळात अशा कॅसेट जपणारे अजून काही जण आहेत. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये त्यातले दोन-चार जण सामान बांधतात. टेपरेकॉर्डर आमच्याकडे आहे. पट्टा सैल आहे, पण चालतो. कधीही या.

भांडण होईलच. चिवडा जास्तीचा करून ठेवा. शुभ दीपावली!